पुढच्या उजव्या चाकाची बिघाड नोंद

यंत्र: मारुती, पांढरी, दुसऱ्या हाताची. पुढचं उजवं चाक.

ठिकाण: बदलापूर पश्चिम, नदीकडच्या एका सोसायटीचं आवार.

दिनांक: नोव्हेंबर १९९४, दुसरा रविवार.

मालक:

इथेच पेन अडतं. जिन्याखालच्या नावांच्या पाटीवर कि. रा. कासगावकर आहे. ऑफिसच्या हजेरीपटावर किसन रामभाऊ सोनावळे आहे, कारण नोकरी राखीव जागेवरची आहे आणि त्या कागदावर खाडाखोड चालत नाही. मी सुदाम रामभाऊ सोनावळे, त्याचा थोरला भाऊ, अंबरनाथला एका केमिकल कंपनीत मेंटेनन्स फिटर. मशीन बंद पडलं की दुरुस्त करायचं आणि मग वहीत नोंद करायची. यंत्र, बिघाड, कारण, कारवाई, सुटे भाग, शेरा. एकवीस वर्षं हेच लिहितोय. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला काही सांगता येत नाही. या पद्धतीनेही येईल असं नाही.

मालक: माझा भाऊ. पुढे.

बिघाड: ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते आणि स्टिअरिंग थरथरतं. चाक काढून पाहता डिस्क गंजाने खाल्लेली. डिस्क म्हणजे चाकाच्या आत फिरणारी लोखंडी थाळी. ब्रेक मारला की पॅड दोन्ही बाजूंनी तिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. थाळी खडबडीत झाली की चिमूट नीट बसत नाही. थाळी बदलायची. सोपं काम आहे, तासाभराचं.

कारण: गाडी पावसाळाभर एका जागी उभी. नदीचं पाणी आवारात दोनदा शिरलं, अर्ध्या चाकापर्यंत. मालकाने गाडी हलवली नाही, कारण मालकाला गाडी नीट चालवता येत नव्हती आणि ते सोसायटीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

सोबत नेलेलं सामान:

नवी डिस्क एक. उल्हासनगरात कॅम्प तीनच्या गल्लीतल्या सिंधी दुकानदाराकडून. ओरिजिनल आहे का विचारलं तर म्हणाला, "डुप्लिकेट नहीं है साईं, लेकिन ओरिजिनल भी किसीको मत बोलना."

पाने, हातोडा, रॉकेलची बाटली, तार, बोल्टांचा डबा.

खिळा एक, तीन इंची.

आणि आईचं गाठोडं.

गाठोड्यात फोटो होता. एकाच चौकटीत बुद्ध आणि बाबासाहेब, शेजारी शेजारी, वर काच. किसनने बदलापूरला ब्लॉक घेतला त्याला दोन वर्षं झाली होती. आपल्याकडे नव्या घरात चूल पेटायच्या आधी फोटो लागतो. मेणबत्ती, वंदना, मग बाकीचं. किसनने आम्हाला कळवलं ते सगळं झाल्यावर. छोटासा चहा होता, म्हणाला, सोसायटीतलेच लोक होते. आईने जाऊन फ्रेम करून आणली. दोन वर्षं ती आमच्या कपाटावर पडून होती, कारण किसन यायचा तो स्कूटरवर, आणि स्कूटरवर काच फुटेल म्हणायचा.

दिवाळीनंतर तो गाडीच्या कामाचं सांगायला आला तेव्हा आईने पुन्हा विषय काढला. तो म्हणाला, दादा रविवारी येईल ना, त्याच्याबरोबर दे. आणि मला म्हणाला, कंपनीचा निळा डगला घालूनच ये, कपडे खराब होतील.

आईच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. एका डोळ्याने अंधार-उजेड कळायचा, दुसऱ्याने माणसाचा आकार. रविवारी सकाळी तिने हाताने चाचपून फोटो जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधला. तिची एक गाठ आहे. वांगणीच्या बाजूला, गावी असताना लाकडाचे भारे बांधायची ती. वजनाने आणखी आवळते, पण एक शेपूट ओढलं की फुलासारखी उघडते. ती गाठ आमच्या घरात दुसऱ्या कुणाला येत नाही. मी शिकायचा प्रयत्न केला होता, माझी एक तर सुटायची नाही तर कापावी लागायची.

"आपल्या हातानं खिळा ठोक," आई म्हणाली. "ठोकलास की ये. आन् कुठल्या भिंतीवर लावलास ते मला नीट सांग."

म्हणून खिळा.

कारवाई, क्रमवार:

१. कॅम्प चारच्या आमच्या चाळीतून सायकलने अंबरनाथ, चिखलोली, बदलापूर. गाठोडं कॅरिअरला जुन्या ट्यूबने बांधलेलं, डिस्क हँडलच्या पिशवीत. चिखलोलीच्या चढावर उतरून चालत. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या, गवत होतं आणि गवताच्या पेंढ्या रस्त्याला लावून ठेवलेल्या होत्या.

२. किसन गेटच्या बाहेर उभा होता. आत नाही, बाहेर. मला वाटलं वाट पाहतोय. त्याने सायकल तिथेच भिंतीला लावायला सांगितली. मी गाठोडं सोडायला लागलो तर म्हणाला, ते आत्ता गाडीत ठेवू, मागच्या सीटवर. आधी डिस्क निघू दे. मग वर नेऊ.

पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे. डिस्क निघाली की फोटो वर जाणार. म्हणजे मी त्या दिवशी डिस्क काढत नव्हतो, भिंत गाठत होतो. त्याची बायको लेकीला घेऊन माहेरी गेली होती. घर मोकळं होतं. एक खिळा ठोकायला किती वेळ लागतो?

३. मागच्या चाकांना दगड. नट सैल करून मग जॅक. चाक काढलं.

४. पॅडांना धरणारा जो भाग असतो, कॅलिपर, त्याचे दोन बोल्ट काढून तो तारेने स्प्रिंगला टांगला. लोंबकळत ठेवला तर ब्रेक ऑइलच्या नळीवर भार येतो. हे लिहायची गरज नाही. पण लिहिलं की बरं वाटतं, कारण एवढं मी नीट केलं.

५. डिस्क ओढली. हलली नाही.

६. रॉकेल सोडलं, पंधरा मिनिटं थांबलो. लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडा मारला. थोडी फिरवायची, मारायचं. थोडी फिरवायची, मारायचं.

७. हलली नाही.

८. सहा पुन्हा. सात पुन्हा.

९. सहा. सात.

आवाजाने वरच्या खिडक्या उघडल्या. किसन जिन्यापाशी उभा होता, मधूनच वर बघत होता, खिडक्यांकडे. मी म्हणालो, पाणी दे रे जरा. तो आत गेला आणि तांब्या-भांडं घेऊन आला. दिलं आणि मागे झाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून त्याने मला एकदाही हाक मारलेली नाही. दादा नाही, काही नाही. पाणी हवंय का, तो पाना कुठला, अजून किती वेळ. सगळी वाक्यं हवेत सोडलेली, कुणाच्या नावाने नाहीत.

मला वाटलं, लाज वाटत असेल, थोरल्या भावाला रविवारी राबवतोय म्हणून.

वरचं वाक्य खोडायला हवं. मला तसं वाटलं नव्हतं. तसं वाटावं अशी माझी इच्छा होती.

कारण (दुसऱ्यांदा):

डिस्क निघत नव्हती त्याचं कारण नुसता गंज नव्हता. ज्याने ही गाडी किसनला विकली त्याने डिस्कच्या दर्शनी भागाला काळा रंग फासला होता. जाड, दोन-तीन हात. चाकाच्या भोकांतून लोखंड दिसतं ना, ते नवं दिसावं म्हणून. रंगाखाली काय आहे ते दिसत नव्हतं. मी फिटर आहे, मला बघायला हवं होतं. आमचे जुने फोरमन विष्णुपंत सांगायचे की बनवणाऱ्याने जे घट्ट बसवलंय ते काढायची वाटही त्यानेच ठेवलेली असते, जोर लावायच्या आधी ती वाट शोध. हे मी नव्या पोरांना शंभरदा सांगितलंय. त्या दिवशी मी नुसता जोर लावत होतो, कारण माझे कान जिन्याकडे होते.

कारवाई, पुढे:

साडेअकराच्या सुमारास सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले. श्यामकांत काका. सगळे त्यांना तसंच म्हणत. रिटायर झालेले, हातात पेपर. माणूस चांगला. पेपर पायरीवर टाकून त्यावर बसले आणि बघत राहिले. काम बघायला आवडतं म्हणाले. कुठून आलात, सायकलने आलात, एवढ्या लांबून, अशी चौकशी केली. सगळं अहोजाहो. मला बरं वाटत होतं. मी त्यांना थाळी, पॅड, चिमूट समजावून सांगत होतो. किसन वर चहा करायला गेला होता.

मग ते हसून म्हणाले, "एक विचारू? तुम्ही कासगावकरांचे भाऊ ना?"

मी हातोडा थांबवला.

"कानावरून ओळखलं," ते म्हणाले. "असे बाहेर आलेले कान सहसा दिसत नाहीत. त्यांचे अगदी असेच आहेत."

आमच्या बापाचे कान होते असे. गावात त्याला सूप्या म्हणायचे.

मी वर पाहिलं. जिन्याच्या वळणावर किसन उभा होता, दोन्ही हातांत कप. त्याने ऐकलं होतं. खाली येत नव्हता, वर जात नव्हता. लहानपणी विहिरीत पोहरा सुटला आणि आई येताना दिसली की असा उभा राहायचा. मग मी सांगायचो, माझ्या हातून सुटला.

"नाही हो," मी म्हणालो. "मी कंपनीतला मेकॅनिक. साहेबांच्या ओळखीचा."

हे मी बोललो. मला कुणी शिकवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. नोंदीत जबाबदार इसम असा रकाना असतो. तिथे माझंच नाव येईल.

बोललो त्यात माझं एवढंच गणित होतं की मी आत्ता सावरून घेतलं तर तो खाली येईल आणि हसून म्हणेल, नाही हो काका, चेष्टा करतोय, दादा आहे माझा. पोहरा माझ्या हातून सुटला असं मी म्हणायचो तेव्हा रात्री तोच आईला खरं सांगायचा.

किसन खाली आला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पाहिलं. सुटका होती. इन्स्पेक्टरने मशीन पास केल्यावर माणसाचे खांदे जसे उतरतात तसे त्याचे खांदे उतरले.

"चहा घ्या मिस्त्री," तो म्हणाला.

घ्या. जन्मभर तो मला घे म्हणत आला.

"असं होय," श्यामकांत काका म्हणाले. त्यांना वाईट वाटलं नाही, उलट सोय झाली. "मग एक काम कर ना. माझी लूना सकाळी सुरूच होत नाही. जाताना बघून देशील?"

बघून देईन म्हणालो.

न बोललेलं: हा रकाना आमच्या वहीत नाही. तिथे मी काय लिहू? चहा कपबशीत होता, चांगल्या. साखर बरोबर होती. त्याला माझी साखर माहीत आहे.

कारवाई, पुढे:

चहा संपवला. कप पायरीवर पालथा घातला, सवयीने नाही, मुद्दाम. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन डिस्कवरचा रंग खरवडायला लागलो. काहीही कारण नव्हतं. हाताला काहीतरी खरवडायचं होतं. रंगाचे पापुद्रे निघत गेले, खाली गंज, आणि एका जागी स्क्रू ड्रायव्हर आत रुतला.

भोक. रंगाने आणि पुट्टीने भरून टाकलेलं. समोरासमोर दुसरं. आठ मिलीमीटरची आटे पाडलेली दोन भोकं, ज्यांना मागे काही नाही. यांत काही बसवायचं नसतं. ही काढायच्या वेळेसाठीच ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट पिळला की तो मागच्या भागावर टेकतो आणि थाळीला स्वतःच बाहेर ढकलतो. हातोड्याची गरजच नसते. तीन तास मी त्या वाटेवर हातोडा मारत होतो.

आटे गच्च भरलेले होते. डब्यातून एक जुना बोल्ट काढला, कानशीने त्याच्या टोकाला उभी खाच पाडली. खाच पाडलेला बोल्ट आत-बाहेर केला की घाण खाचेत येते आणि आटे साफ होतात. हे विष्णुपंतांचं. मग दोन्ही भोकांत दोन चांगले बोल्ट. एकाला पाव फेरा, दुसऱ्याला पाव फेरा. एकालाच पिळलं तर थाळी तिरकी होऊन आणखी अडकते. पाव इकडे, पाव तिकडे. दोन्ही सारखे ताणले गेले. पान्याला हात जड लागायला लागला.

मग ठाण् असा आवाज झाला आणि डिस्क सुटली.

श्यामकांत काकांनी टाळी वाजवली. किसनही वाजवणार होता, पण पायरीवरून उचललेले कप हातात होते.

दुपारचा एक वाजला होता.

सुटे भाग: डिस्क, नवी, एक. आठचे बोल्ट दोन, काम झाल्यावर परत काढून डब्यात. जोडणीची जागा पॉलिश पेपरने घासली. नवी थाळी पेट्रोलने पुसली. सगळं उलट्या क्रमाने बसवलं. पेडल सात-आठ वेळा दाबून पॅड जागेवर आणले. त्याआधी गाडी हलवायची नाही. त्या वेळी माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते खरं सांगतो. कॅलिपरचे दोन बोल्ट हाताने फिरवून सोडून द्यावेत, पाना लावूच नये. बाहेरून काही कळत नाही. महिना-दीड महिना काही होत नाही.

दोन्ही बोल्ट पाना लावून आवळले. मग उठून पुन्हा बसलो आणि पुन्हा तपासले.

खिळा: न वापरलेला.

चाचणी: नदीवरच्या बॅरेजच्या रस्त्याला गाडी घेतली. किसन चालवत होता, मी शेजारी. गाठोडं मागे. गेटमधून बाहेर पडून पहिलं वळण घेतलं आणि तो म्हणाला, "दादा, काय मस्त लागतोय रे ब्रेक."

गेट ओलांडल्यापासून किती अंतर, ते सांगतो. विजेचे दोन खांब.

त्याने आपणहून सुरू केलं. श्यामकांत काका चांगले आहेत, पण बाकीचे तसे नाहीत. वरच्या मजल्यावरचा एक जण मीटिंगमध्ये काय बोलला होता ते सांगितलं. लेकीला बालवाडीत घालायचंय, तिला तिथे कुणी वेगळं बसवू नये. माझं जे झालं ते तिचं होऊ नये, म्हणाला. दादा, तुला नाही कळणार, तू कंपनीत असतोस, तिथे सगळे आपलेच.

कंपनीत सगळे आपलेच नाहीत. तिथेही माठाला आमच्यासाठी वेगळा पेला होता, सत्त्याऐंशीपर्यंत. तो मी फोडला. नंतर मेमो मिळाला. हे त्याला माहीत आहे. तेव्हा तो कॉलेजात होता आणि माझ्या पगारावर होता. त्याने मेमोची नक्कल मित्रांना अभिमानाने दाखवली होती.

"आता फोटो वर नेऊ," मी म्हणालो.

त्याने गाडी परत वळवली. मग म्हणाला, आज नको. काका आता आपल्याला वर जाताना बघतील, त्यांना सांगितलंयस ना तू मेकॅनिक म्हणून. मेकॅनिक फोटो घेऊन वर कशाला येईल? पुढच्या रविवारी मी स्वतः लावतो. शपथ.

सांगितलंयस ना तू.

वाट मीच बुजवली होती. रंग मीच फासला होता म्हटलं तरी चालेल, पण तसं म्हटलं की छान वाटतं, म्हणून म्हणत नाही.

आवारात परत आलो. मागच्या सीटवर लोकांना दिसेल, म्हणून तो म्हणाला, डिकीत ठेवू. मीच ठेवलं. आडवं, तळाशी, काच वरच्या बाजूला. जुनी डिस्क गोणपाटात गुंडाळून पलीकडच्या कोपऱ्यात टेकवली आणि मध्ये जॅक ठेवला, घसरू नये म्हणून. मग लूना पाहिली. प्लगला काजळी होती.

निघताना श्यामकांत काकांनी पाठीवर हात ठेवला. चांगला माणूस मिळालाय तुम्हाला, असं किसनला म्हणाले. किसन म्हणाला, हो, जुनी ओळख आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी, घरी:

आई उंबऱ्यात बसली होती. शालन, माझी बायको, आत तांदूळ निवडत होती. सायकलचा आवाज ऐकून आईने तोंड वळवलं आणि मी हात धुवायच्या आत विचारलं.

"लावलास?"

"लावला."

"कुठल्या भिंतीवर?"

मी त्या घराची पायरीही चढलो नव्हतो. भिंत कुठली आणि दार कुठलं मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, दारातून आत गेलं की समोरच. पिवळट रंगाची भिंत आहे. वर ट्यूबलाइट. खिडकीतून सकाळचं ऊन थेट फोटोवर येतं. किसनने मेणबत्ती लावली. त्रिसरण आम्ही दोघांनी म्हटलं. तो शेजारचा सेक्रेटरी आला होता, त्यानेही हात जोडले.

थांबायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा झाला होता की मी आणखी सांगत गेलो. खिळा ठोकताना थोडा गिलावा पडला, हेसुद्धा सांगितलं. खरं वाटावं म्हणून.

शालन आतून माझ्याकडे बघत होती. तिने सूप खाली ठेवलं. रात्री तिने माझा बोल्टांचा डबा उघडला, आतला खिळा बोटाने बाजूला केला, आणि झाकण लावून टाकलं. त्यावर ती अजूनही कधी बोललेली नाही.

त्यानंतर चार महिने आई ते घर सगळ्यांना सांगत होती. चाळीतल्या बायकांना, विहारात, पाण्याच्या नळावर. समोरची भिंत, पिवळा रंग, सकाळचं ऊन. सांगताना ती हाताने दाखवायची, दार इकडं, भिंत तिकडं. ती त्या घरात कधीच गेली नव्हती, पण चाळीतल्या प्रत्येकाला त्या घराचा नकाशा पाठ होता.

मी किसनला दोनदा विचारलं. लावतो म्हणाला.

पुढील पाहणी: मार्च १९९५.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन कल्याणला ठरलं. किसनने आपणहून सांगितलं की गाडी घेऊन येतो, आईला बसमधून नेऊ नका. आईला फार बरं वाटलं. ती नवीन लुगडं नेसली, तिने केस विंचरले. किसनची गाडी पाहायची होती तिला, म्हणजे हाताने.

त्याने गाडी नाक्यावर, फर्निचरच्या दुकानाजवळ लावली. गल्लीत येत नाही म्हणाला. येते. मी आईला धरून नाक्यापर्यंत नेलं. तिने गाडीवरून हात फिरवला, काचेवरून, दाराच्या कडीवरून. गार हाय, म्हणाली. किसन हसला. त्याने तिच्या पायाला हात लावला. तेव्हा तो मनापासून चांगला वागत होता, हे लिहायला हवं.

तिच्या हातात कपड्यांची पिशवी होती. मी म्हणालो, मागे ठेवतो, आणि डिकी उघडली.

गाठोडं तिथेच होतं, तळाशी. मी ठेवलं तसंच. फक्त जॅक कुणीतरी वापरून दुसरीकडे टाकला होता आणि जुनी डिस्क घसरून गोणपाटातून अर्धी बाहेर येऊन गाठोड्यावर पडली होती. फडक्याला गंजाचा गोल डाग.

मला डिकी लगेच बंद करता आली असती. तिला दिसत नव्हतं. पण आई माझ्या मागे येऊन उभी राहिली होती, आणि तिला पिशवी स्वतःच्या हाताने ठेवायची होती, कारण पिशवीत काचेची तेलाची बाटली होती आणि मी धसमुसळा. तिने हात पुढे घातला. लोखंड लागलं. ते बाजूला सरकवलं. मग फडकं लागलं.

मग गाठ.

तिचा हात तिथे थांबला. बोटं गाठीवरून एकदा गेली, परत एकदा गेली. तिने शेपूट ओढलं. गाठ उघडली. आतून काचेचा आवाज झाला, तुकडे एकमेकांवर घासतात तसा.

किसन पुढच्या दारापाशी होता. त्याने पाहिलं आणि तो तिथेच थांबला. दोन्ही हात तसेच, जिन्यावर होते तसे.

आईने त्याच्याकडे तोंड वळवलंच नाही. ती माझ्याकडे वळली. एका डोळ्याने तिला माझा आकार दिसत असेल.

"किसन्याचं मला ठाव होतं," ती म्हणाली. "तू कशापायी भिंत सांगितलीस?"

या रकान्यात मला काही भरता आलं नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही.

तिने फडकं पुन्हा बांधलं, तीच गाठ, न बघता. गाठोडं छातीशी धरलं. बोटाला काच लागून रक्त आलं होतं, ते तिने लुगड्याला पुसलं. नव्या लुगड्याला. मग म्हणाली, रिक्षा बघ. किसन म्हणाला, आई, अगं बस ना गाडीत. तिने ऐकलं नाही असं दाखवलं. डोळे गेले होते, कान चांगले होते तिचे.

मी रिक्षा थांबवली. ती आत बसली, गाठोडं मांडीवर. मी शेजारी बसलो. तिने मला जागा करून दिली, पण थोडं अंतर ठेवून.

शेरा: मारुती आमच्या रिक्षाच्या मागे कल्याणपर्यंत आली. वालधुनीच्या पुलाजवळ हातगाडी आडवी आली आणि रिक्षा एकदम थांबली. मी मागे वळून पाहिलं. गाडी हातभर अंतरावर सरळ रेषेत उभी राहिली होती. न ओढता, न थरथरता.

ब्रेक उत्तम. काम पूर्ण.

सही: सु. रा. सोनावळे, फिटर.